चार पिना

हातखंब्याच्या नाक्याजवळचं गॅरेज रावजी आणि बाबू या दोन साडवांचं. बायका सख्ख्या बहिणी, तेव्हा नातं तोडायची सोय नव्हती. म्हणून दोघांनी नुसतं बोलणं तोडलं होतं. आज आठवा दिवस.

झालं असं, की त्यांनी दुरुस्त केलेली मंडणगडची एक गाडी थरथरत परत आली. इंजिन गिअरबॉक्सला जोडताना मध्ये दोन पोकळ पिना घालतात, म्हणजे दोन्ही एका रेषेत राहतात. त्याच घालायच्या राहिल्या होत्या. रावजीने गिऱ्हाइकासमोर बाबूला आंधळा म्हटलं. दुसऱ्या दिवशी पिना निघाल्या रावजीच्याच खिशात! हे कोणाला कळलं नाही अशी त्याची आपली समजूत. तोवर बाबूने बायकोकरवी निरोप धाडला होता, रविवारी मुंबईला जातो, तिकडे वर्कशॉपात काम मिळतंय. वीस वर्षं ज्याच्या हातांच्या भरवशावर गॅरेज चाललं, तोच निघाला. पण 'चुकलं माझं' म्हणायला नाक आडवं येत होतं, आणि रावजीचं नाक काही लहान नव्हतं.

आज शुक्रवार. मालिनीबाईंच्या गाडीचं इंजिन जाम झालेलं, दुसरं चिपळूणहून आणलं होतं. साखळीला टांगलेलं इंजिन वरून रावजी सांभाळणार आणि खालून बाबू जॅकवरचा गिअरबॉक्स त्याला भिडवणार. हे काम मुक्याने होत नाही. शेवटी गणित शिकवून निवृत्त झालेल्या मालिनीबाईच मध्ये उभ्या राहिल्या.

"बाई, त्याला सांगा, जॅक वायच वर."

"बाबू, जॅक थोडा वर घे."

"बाई, त्यांना सांगा, इंजिन डावीकडं घ्या."

"अरे, तुम्हाला एकमेकांचं ऐकू येत नाही का?" बाई वैतागल्या.

गिअरबॉक्सचा दांडा क्लचप्लेटीत गेला आणि रावजीला जरा बरं वाटलं. पण मध्ये बोटभर फट राहिली ती राहिलीच. हलवून झालं, डोलवून झालं. एवढ्यात खालून कर्र असा आवाज आला. बाबू बोल्ट घालून ती फट आवळत होता. आठ दिवसांचा राग सगळा पान्यावर निघत होता. गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं, तडा गेला की भंगारच.

"बाबू, थांब! फुटेल ता!"

पाना थांबला.

"मग जात का नाय?" बाबूने विचारलं. बाईंना नव्हे, रावजीला.

"बोल्ट काढ. मागं घे."

रावजीने बॅटरी मारली. इंजिनाला दोन पिना, त्याने स्वतः सकाळी घातलेल्या. आणि गिअरबॉक्सलाही दोन! पिनेला पिन टेकल्यावर फट मिटणार कशी?

"ह्या कोणी घातल्या?"

"मी. परत आंधळा म्हणून घ्यायचं नव्हतं."

रावजीला हसूही आलं आणि लाजही वाटली. गाडीखाली वाकून तो म्हणाला, "तू आंधळा नव्हतास रे. त्या पिना माझ्याच खिशात होत्या. चुकलं माझं. जाव नको."

बोलून झालं आणि छातीवरचा दगड उतरल्यासारखं त्याला मोकळं वाटलं.

बाबू सरपटत बाहेर आला. "म्हाईत हाय मला. शर्ट धुवायला काढताना तुमच्या घरी ताईला दिसल्या, तिनं परत खिशात ठेवल्यान. नि त्याच दिवशी आमच्या हिला फोन केलान."

"मग आठ दिवस बोललास का नाय?"

"तुम्ही कधी बोलताय ते बघत होतो, दादा."

मालिनीबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. बाबूने गिअरबॉक्सच्या पिना पक्कडीने ओढून काढल्या आणि तो परत खाली गेला. "वायच वर," "हां, बस," एवढंच बोलणं झालं आणि इंजिन आणि गिअरबॉक्सची तोंडं अलगद भिडली. रावजीने फटीवरून बोट फिरवलं. नखसुद्धा शिरत नव्हतं.

"आणि रविवारी?" त्याने भीत भीत विचारलं.

"रविवारी गॅरेज बंद असतं ना?" खालून बाबू म्हणाला. "सोमवारी येतो. बोल्ट द्या इकडं."