फोटोतली तिसरी बाई

"पण मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही हो," चंद्रहासने तिसऱ्यांदा सांगून पाहिलं.

"इंडियन आहेस ना?" अचोलने गाडी चर्चच्या हॉलसमोर उभी केली. "मग येतं तुला. चल, उतर."

चंद्रहास इस्लामपूरचा. शेतीची पदवी घेऊन तो ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाला पुढचं शिकायला आला होता. २०१८ साल. रीजनल भागात शिकलं की पीआरला, म्हणजे कायमचं राहायच्या परवान्याला, पाच पॉइंट जास्त मिळतात असं एजंटने सांगितलं आणि त्याच्यासारखी कितीतरी पोरं त्या डोंगरावरच्या गावात येऊन पडली. सोयाबीनवरच्या किडीबद्दल कुणी विचारलं असतं, तर तो तासभर बोलला असता. पण विचारत होती अचोल, आणि तिला नाही म्हणणं कठीण होतं. दोघं शनिवार-रविवार संध्याकाळी हॉस्पिटलात साफसफाईच्या शिफ्टला असत. रविवारी बस नाही, म्हणून ती त्याला गाडीने घरी सोडायची. पन्नाशीची, दक्षिण सुदानची, उंच आणि आवाजाने दणदणीत बाई.

हॉलमध्ये अचोलच्या देशातल्या पंधरा-वीस बायका शिवणयंत्रांवर बसल्या होत्या. हे त्यांचं मंडळ. कौन्सिलकडून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडून, हॉल मिळवणं, नव्या आलेल्या कुटुंबाला डॉक्टरकडे नेणं, गावाकडची खबर ठेवणं, अशी सगळी कामं ते करायचं. त्यांचं फेसबुक पेज होतं, पण त्यावर वर्षभरात तीन ओळी; ते चालवायलाच अचोलने त्याला आणलं होतं. व्हॉट्सॲपचा ग्रुप मात्र सारखा वाजत होता, आणि त्यात लिहिलेलं एक अक्षर नाही. नुसते आवाज. एक बाई शिवता शिवता फोन कानाला लावी, ऐके, दोन वाक्यं बोलून परत पाठवी.

"लिहीत का नाही?" चंद्रहासने विचारलं.

"लिहिलेलं कुणीही पाठवतं," अचोल म्हणाली. "आवाज ओळखता येतो."

त्याला ते नीट कळलं नाही. वयस्कर बायकांना लिहिता येत नसेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

घरी त्याने रूममेटला, सारंगला, सगळं सांगितलं. सारंग डेटा सायन्स शिकत होता.

"अरे, पेज डेड आहे म्हणून कोणी बघत नाही," सारंग म्हणाला. "फोटो टाक. लोकेशन टाक, नावं टॅग कर. मग बघ कसली रीच मिळते."

पुढच्या शनिवारी चंद्रहासने शिवणवर्गाचा फोटो काढला. सात बायका, हातात रंगीत कापडं, खिडकीतून आलेलं ऊन. खरोखर सुरेख आला होता. "पेजवर टाकू?" त्याने हॉलभर विचारलं. यंत्रांच्या खडखडाटात कुणीतरी हात हलवला. तो होकारच असणार, असं त्याने धरलं. त्याने सातही नावं विचारून लिहून घेतली, खाली हॉलचा पत्ता टाकला. दोन दिवसांत सहाशे लाइक, साठ शेअर. मंगळवारी युनिव्हर्सिटीत बसून तो आकडे बघत होता आणि खूश होत होता, तेवढ्यात अचोलचा फोन आला.

"तो फोटो काढ. आत्ता."

"का? काय झालं?"

"आधी काढ. मग बोल."

त्याने काढला. अर्ध्या तासात ती गाडी घेऊन आली. तिने त्याला शेजारी बसवलं, पण गाडी सुरू केली नाही.

"तिसरी बाई," ती म्हणाली. "पिवळा रुमाल बांधलेली. न्यांदेंग."

चंद्रहासला ती आठवली. सगळ्यांत कमी बोलणारी. नाव विचारल्यावर क्षणभर थांबलेली.

न्यांदेंगच्या गावात बंदूकवाले आले होते. त्यांनी काय केलं ते तिने पुढे चौकशी करणाऱ्यांना सांगितलं, त्यांच्या म्होरक्याचं नाव घेऊन. मग ती तिथून निसटली. वाटेत ती मेली, असंच गावात सगळे धरून चालले होते, आणि तिच्या बहिणीने तो समज कधी मोडला नाही. काल त्या बहिणीच्या दारात त्याच म्होरक्याची दोन माणसं उभी राहिली. मोबाइलवर फोटो दाखवून त्यांनी विचारलं, ही कोण?

"पण... इथला फोटो तिथे..." चंद्रहास म्हणाला. "टूवूंबाचा फोटो कोण बघतं?"

"साठ जणांनी पुढे पाठवला, पेजवर आकडा होता ना?" अचोलच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसेना. "पेज कौन्सिलला दाखवायला असतं रे बाळा. आमचं बोलणं आमच्या कानातच राहतं. तुला वाटलं, आम्हाला जमत नाही."

त्याने पोस्ट काढली होती, पण साठ ठिकाणी गेलेली कशी काढायची? सारंगने रात्रंदिवस खटपट करून वीस-पंचवीस ठिकाणी कळवून पाहिलं. "सॉरी यार," तो सारखा म्हणत होता. चूक नक्की कुणाची, हे दोघांनाही कळेना. चांगलं करायला गेलो होतो, एवढंच चंद्रहास मनाशी घोकत राहिला. पण त्या वाक्यालाही काही अर्थ उरला नव्हता.

बहिणीचा फोन बंद होता. ग्रुपमधून आवाज जात राहिले. नैरोबीला कुणाची चुलती, कंपालाला कुणाचा भाचा, सीमेजवळचा एक पाद्री. कुणी पाहिलंय का? फेसबुकवर कुणी लिहिलं की त्या घरातले सगळे मारले. बायकांनी ते वाचलं आणि एकही रडली नाही. "आवाज येऊ दे," एवढंच त्या म्हणाल्या. आता कुठे चंद्रहासला त्या पहिल्या दिवसाचं वाक्य थोडंसं उमगलं.

शनिवारी हॉलवर जायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. अचोलने दारात हॉर्न वाजवला.

दुपारी न्यांदेंगचा फोन वाजला. यंत्रं थांबली. तिने आधी एकटीने ऐकलं, मग फोन मध्ये ठेवून सगळ्यांना ऐकवलं. एका बाईचा दमलेला आवाज, मिनिटभराचा. कुणी हसलं नाही, कुणी रडलं नाही. एका म्हातारीने डोळे मिटले. चांगली बातमी की वाईट, चंद्रहासला काही कळेना. तो एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिला.

"बहीण आणि पोरं सीमेपार पोहोचली," अचोल त्याच्या कानाशी म्हणाली. "छावणीत आहेत. आई चालू शकत नव्हती. ती घरीच राहिली. म्हणाली, ते परत आले की मी दार उघडीन, तोवर तुम्ही लांब जाल."

तो उठून न्यांदेंगसमोर जाऊन उभा राहिला. माफी मागायचं इंग्रजी वाक्य त्याने चार दिवस घोकलं होतं. ते आलंच नाही. "मी..." एवढंच तो म्हणाला.

न्यांदेंगने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं, हे त्याला तेव्हा वाचता आलं नाही. मग तिने शेजारची खुर्ची पायाने पुढे ढकलली.

"बस," ती म्हणाली. "पेज उघड. लिही."

तो बसला. त्याने पेज उघडलं.

"शिवणवर्ग शनिवारी. दहा वाजता. नव्या बायकांनी यावं." ती हळूहळू, एकेक शब्द तोडून सांगत होती. "फोटो नाही."

"फोटो नाही," तो म्हणाला, आणि टाइप करत गेला.

तिने पडद्यावर बोट ठेवून प्रत्येक अक्षर वाचलं. एका ठिकाणी तो स्पेलिंग चुकला होता. तिने बोट तिथेच धरून ठेवलं, तो दुरुस्त करेपर्यंत.

"आता पाठव," ती म्हणाली, आणि कापड सारखं करून यंत्राकडे वळली.