संत्री कोणाची, रस कोणाचा

काही देश श्रीमंत आणि काही गरीब का, हा समाजशास्त्राचा धडा सुरू झाला की पांढुर्ण्याच्या कॉलेजात अमृता मॅडमचा वर्ग डुलक्या घ्यायचा. म्हणून त्या सकाळी सौंसरहून येताना मॅडमनी पिशवीभर संत्री, रस काढायचं हातयंत्र आणि लिमलेटच्या गोळ्या आणल्या.

वर्गाचे दोन देश झाले. गुणवंताच्या देशाला संत्री, हिमानीच्या देशाला यंत्र. गोळ्या म्हणजे पैसे, त्या दोघांना सारख्या. हिमानीनं एका गोळीला संत्रं घेतलं आणि त्याचाच रस गुणवंताच्या देशाला चार गोळ्यांना विकला. बघता बघता साऱ्या गोळ्या तिच्याकडे जमा झाल्या.

"गुणवंताचा देश गरीब का झाला?" मॅडमनी विचारलं.

"आळशी आहेत ते," हिमानीच्या बाजूचा अभिजीत म्हणाला. "आमच्यासारखं यंत्र घ्यावं, शिकावं. होतील श्रीमंत."

गुणवंताच्या बाजूची प्रणाली उसळली. "यंत्र तुमचं, भाव तुमचा! आमाले लुटून तुमी मोठे झाले, अन् वरून आमालेच आळशी म्हणून राहिले?"

अमृताला हसूच फुटलं. पुस्तकातले दोन्ही सिद्धांत पोरांनी पान न उघडता सांगितले होते. तिनं फळ्यावर नावं लिहिली: अभिजीतचं आधुनिकीकरण, प्रणालीचं अवलंबित्व. वळून बघते तर गुणवंताचा देश मजेत संत्री सोलत बसलेला.

"अरे, हे काय करून राहिले?"

"खाऊन राहिलो, मॅडम. विकतच नाही आमी."

हिमानी रिकामं यंत्र फिरवत बसली. गोळ्यांचा ढीग होता, पण पिळायला काही नव्हतं. शेवटी तीच उठली. "चल, यंत्र दोघांच्या मधात ठेवू. भाव दोघं मिळून ठरवू, रस अर्धा अर्धा."

उरलेल्या संत्र्यांचा रस निघाला. गलका ऐकून प्राचार्य दारात आले. "मॅडम, वर्ग आहे का रसवंती?"

"दोन्ही, सर. घ्या."

सरांनी पेला एका दमात संपवला आणि मिशा पुसत निघून गेले.

गुणवंता मात्र विचारात पडला होता. "मॅडम, खऱ्या देशायले असं करता येते का? आमच्या घरी कापूस होते. तो कसा खावा?"

"नाही खाता येत," अमृता म्हणाली. "म्हणून तर खऱ्या देशांचं भांडण इतकं सोपं नाही."

"मंग उद्या कापूस आणतो," गुणवंता म्हणाला. "पाहू हिमानी काय भाव देते तं."

"आण तर खरं!" हिमानीनं बाह्या सरसावल्या. तास संपल्याची घंटा झाली, तरी कोणी उठेना.