डिस्क पुसली त्या दुपारी

मी मोटारसायकल. एरवी माझा आवाज गल्लीच्या टोकापासून ऐकू यायचा. आज इंजिन बंद ठेवूनच बोलतेय, कारण उद्या मला न्यायला दुसरा माणूस येणार आहे.

माझा मालक लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांना वर-खाली नेणाऱ्या यंत्रात हात घालायचा, आणि सुट्टीच्या सकाळी माझ्यात. आधी साखळी कोरड्या फडक्यानं पुसून तिला आतल्या बाजूनं तेलाचे थेंब. मग बोटानं दाबून ती फार ताणली नाही ना, फार लोंबत नाही ना, हे बघायचं. चाकांत हवा भरायची ती चाकं थंड असतानाच. रोज निघताना पहिला किलोमीटर हळू, मला अंगात ऊब येईपर्यंत. आणि फाटकाबाहेर पडण्याआधी पुढचा ब्रेक दोनदा दाबायचा. दोनदा म्हणजे दोनदा. मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगात माझा सूर लागायचा, तेव्हा तो हेल्मेटच्या आत गुणगुणायचा. ते फक्त मला ऐकू यायचं.

मग त्याचं लग्न झालं. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "माझी थोरली सून खाली पार्किंगमध्ये उभी असते. ही धाकटी."

धाकटी कमी बोलायची. सुट्टीच्या दिवशी चहा घेऊन खाली यायची, पायरीवर बसून त्याचे हात बघायची. एकदा तिनं फडकं उचललं, तर तो म्हणाला, "राहू दे गं, कपडे खराब होतील." तिनं फडकं ठेवलं. कप घेऊन वर गेली.

लग्नाला तीन महिने झाले त्या दुपारी तो कंपनीच्या गाडीतून बाहेरगावी गेला होता. ती खाली आली. हातात कपाटाच्या लाकडाला लावायचं पॉलिश आणि जुन्या ओढणीचा तुकडा. टाकी पुसली, दिवा पुसला, आरसे पुसले. मग पुढच्या चाकाजवळ उकिडवी बसली. तिथं ब्रेकची गोल पोलादी चकती असते, तिला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंचे पॅड तिला पकडतात आणि चाक थांबतं. त्या पकडीला चकती कोरडी लागते. धाकटीला हे काय माहीत? तिला एवढंच दिसलं, की सगळ्या अंगात हीच एक मळकट राहिली आहे. तिनं ती तोंड दिसेपर्यंत घासली.

मी ओरडायला हवं होतं. पण माझी किल्ली वर खिळ्याला होती.

सकाळी तो खाली आला आणि बघतच राहिला. वर खिडकीत ती उभी होती. "हे तू केलंस?" तिनं मान डोलावली. तो हसला, माझ्या आरशात बघून केस नीट केले, हेल्मेट घातलं आणि निघाला. ब्रेक दाबून बघायचं त्या आनंदात राहून गेलं.

फाटकाबाहेर लगेच उतार आहे. तळाशी वळणावर पाण्याचा टँकर उभा होता. त्यानं पुढचा ब्रेक दाबला, पॅड डिस्कवरून साबणासारखे घसरले. मग मागचा दाबला, चाक जागीच अडकलं आणि आम्ही डाव्या अंगावर पडलो. त्याचा गुडघा माझ्याखाली होता.

मिस्त्री मला न्यायला आला. त्यानं डिस्कवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. "वहिनी, हिला पॉलिश कुणी केलं?"

"मी."

तो बराच वेळ हात पुसत राहिला. "सगळे म्हणतायत रस्त्यावर वाळू होती. वाळूच असू द्या."

चार महिने वाळूच होती. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला वाळूची गोष्ट सांगायच्या, आणि ती पाणी आणायला आत जायची.

त्याचा गुडघा आता वाकत नाही. लिफ्टच्या खड्ड्यात उतरता येत नाही, माझ्यावर बसता येत नाही. म्हणून उद्या मी जाणार. आज दुपारी गिऱ्हाइकासाठी मला धुवायचं होतं. तो काठी घेऊन पायरीवर बसला आणि पहिल्यांदाच फडकं तिच्या हातात दिलं.

"साखळी आतून. हां. जास्त तेल नको, धूळ धरते." ती करत गेली. पुढच्या चाकाशी आली तसा तो म्हणाला, "डिस्कला फक्त साबणाचं पाणी. तेल, पॉलिश काही नाही. शेंबड्या पोरालाही कळतं हे."

तिचा हात थांबला. "मला नव्हतं कळलं."

तो हसायला गेला. मग तिच्याकडे बघितलं, मग डिस्ककडे. "त्या दिवशी?"

"हो. वाळू नव्हती."

तो काठीवर भार देऊन उठला. तिनं हात पुढे केला, तो त्यानं धरला नाही. जिन्यावर आधी काठी, मग चांगला पाय, मग दुसरा, असा आवाज वरपर्यंत जात राहिला. दार लागलं.

तिनं डिस्क धुतली, कोरडी केली. मग उभी राहिली आणि पुढचा ब्रेक दाबला. दोनदा.

उद्या येणाऱ्या माणसा, माझी साखळी बघ, हवा बघ, ते तुला येतच असेल. पण तुझ्या घरातलं कुणी फडकं हातात घेऊन माझ्याजवळ आलं, तर कपडे खराब होतील म्हणू नकोस. जवळ बसव आणि सांग.