लागणार नाही असं बायबल

थोरली खाटीक होती. अर्धं जनावर आकड्याला लटकवायला ती कुणाला हाक मारत नसे, त्यामुळे सामान बांधताना वजनाचा विचार करायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. पण एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत डोंगरांतून जाणारी ती लांबलचक पायवाट चालून आलेल्या एका गिऱ्हाइकानं तिला बजावलं होतं, की तिथं पाठीवरचा तोळा न् तोळा माणसाला शिव्या देतो. तेव्हापासून तिनं दुकानाच्या काट्यावर मोजे, टॉर्च, तंबूच्या खुंट्या असं काय काय तोलून पाहिलं होतं आणि दात घासायच्या दोन ब्रशांच्या दांड्या सुऱ्यानं अर्ध्या उडवल्या होत्या. सगळं मनासारखं जमलं, संध्याकाळची बस ठरली, आणि नेमकं त्याच दुपारी धाकट्या भावाला आठवलं, की आपल्याला बायबलही न्यायचंय.

"त्यापेक्षा दगड घे की पिशवीत," थोरली म्हणाली. पण गेली त्याच्याबरोबर.

धाकट्याला सगळे डाव्या म्हणत. तो डावखुरा नव्हता. त्याचा उजवा कान मेलेला होता, आणि त्याच्याशी बोलायचं तर डावीकडून बोलावं लागे. डावखुरा होता तो बाप, म्हणून तर उजवा कान गेला. बाप एका छोट्या प्रार्थनाघरात उपदेश करायचा. वचन पोरांच्या डोक्यात आपणहून शिरत नसेल तर ते घालावं लागतं, असं त्याचं मत होतं, आणि घालायचा तेही बायबलनंच. चारी कोपऱ्यांना पितळी टोप्या ठोकलेलं, उशीएवढं जाड बायबल होतं ते. आई लवकर गेली. मग मार चालू असताना धाकट्यानं उलटा हात उचलू नये, म्हणजे मार वाढू नये, हे बघायचं काम थोरलीकडे आलं. ती नुसतं "खिसे" म्हणायची, की पोरगं दोन्ही हात खिशात कोंबून उभं राहायचं.

मोठेपणी एकदा ते "खिसे" म्हणायला ती जागेवर नव्हती. डाव्यानं एका गॅरेजवाल्याचा जबडा असा फोडला, की तो माणूस अजून सगळं नळीनं पितो. खटल्यात साक्षीला बाप स्वतः उभा राहिला आणि पाहिलं ते सगळं सांगून मोकळा झाला. बाप खोटं कधी बोलला नाही. हे त्याचं भूषण आणि घरच्यांचं नशीब. आता डाव्याला अर्ध्या शिक्षेवर सोडलं होतं, पण अट घालून. पुन्हा कुणावर हात उचलला, की उरलेली सगळी वर्षं आत. आणि त्यानं हात उचलावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेले लोक आसपास काही कमी नव्हते.

म्हणून तर ही पायवाट निघाली होती. तिच्यावर माणसं कमी, दगड जास्त. दगडाला मारलं तर कोर्ट विचारत नाही.

धर्मपुस्तकांच्या दुकानातल्या बाई हौशी होत्या. लांबच्या वाटेसाठी म्हणताच त्यांनी कपाटातून सगळ्यात आधी काय काढलं असेल, तर जाड पुठ्ठ्याचं आणि धातूच्या कोपऱ्यांचं एक बायबल. पडलं-झडलं तरी याला काही होत नाही, असं त्या कौतुकानं सांगू लागल्या. थोरलीनं त्यांना ते आत ठेवायला सांगितलं, आणि असं सांगितलं की बाईंनी ते पटकन ठेवलंच. मग नुसता नवा करार आणि स्तोत्रं असलेलं एक खिशातलं पुस्तक आलं. चालणारे बहुतेक हेच नेतात, काही जण तर वाचून झालेली पानं फाडून ओझं कमी करत जातात, असं बाई म्हणाल्या. डाव्याचा चेहराच उतरला.

"अर्धाच देव न्यायचा का?" त्यानं विचारलं.

तो निवडत होता तेही जगावेगळं. माणूस पुस्तक तळहातावर झेलून बघतो, अक्षर डोळ्यांजवळ नेऊन बघतो. डाव्या पुस्तक हातात घ्यायचा, आधी मांडीवर हाणायचा आणि मग गालाच्या हाडावर. दुसऱ्या तडाख्याला बाई गल्ल्यामागे सरकल्या. एक पुस्तक त्यानं "पाठीला लागतं" म्हणून परत केलं, दुसरं "कोपरा घुसतो" म्हणून. शेवटी त्याच्या हाती एक आख्खं बायबल आलं, कांद्याच्या सालीसारख्या कागदाचं, मऊ वेष्टनाचं, मुंगीएवढ्या अक्षराचं. ते त्यानं उजव्या कानावर मारलं. मग जरा जोरात मारलं, आणि मग हात मागं नेऊन सगळ्या ताकदीनं मारलं. पुस्तक कानाला लागून नुसतं वाकलं.

"हे लागत नाही, ताई," तो म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता.

थोरलीला त्या क्षणी एका माणसाचा गळा दाबावासा वाटला, आणि तो माणूस कोण हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं बाईंना पुस्तक बांधायलाही दिलं नाही. डाव्याच्या कोटाच्या खिशात ते खुपसलं आणि त्याला बाहेर काढलं.

बाहेर गॅरेजवाल्याचा भाऊ उभा होता. तो उजवीकडून आला. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, तसं या शहरात डाव्याला कुठून गाठायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. पहिला ठोसा नाकावर बसला, आणि काय झालं हे कळायच्या आत डाव्याचा कोट लाल झाला. तो वळला. त्याचे खांदे वर चढलेले थोरलीनं पाहिले.

"खिसे," ती म्हणाली.

हात खिशात गेले. पुढचा ठोसा पोटात बसला, त्याच्या पुढचा बरगड्यांत. मग गुडघ्यामागे लाथ बसली आणि डाव्या फुटपाथवर कोसळला. थोरली मध्ये पडली तेव्हा त्या माणसानं तिला भिंतीवर ढकललं. खाली पडलेल्या डाव्याचे दंड पुन्हा फुगले, आणि भिंतीला टेकलेल्या थोरलीनं श्वास घ्यायच्या आधी पुन्हा तेच म्हटलं. उलटा हातच येत नाही म्हटल्यावर त्या माणसाची मजा गेली. तो डाव्याच्या केसांवर थुंकला आणि निघून गेला. थोरलीनं भावाला उठवलं, आपल्या बाहीनं त्याचे केस पुसले आणि शाबास म्हणाली. दिवसभर ती डोळ्यांत तेल घालून त्याच्या हातांकडे बघत होती. आपल्या मुठी कशा वळल्यायत हे मात्र तिनं पाहिलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

घर थोरलीच्या दुकानाच्या वरच होतं. जिना चढून ती दोघं आत आली, तर बांधून ठेवलेल्या दोन पिशव्यांच्या मध्ये खुर्ची टाकून बाप बसला होता. मांडीवर ते पितळी कोपऱ्यांचं बायबल होतं. म्हाताऱ्याला कुणीतरी प्रवासाचं सांगितलं होतं. मुलाच्या रक्ताळलेल्या नाकाबद्दल त्यानं काही विचारलं नाही. पश्चात्तापाला निघालेल्या माणसानं हे पुस्तक पाठीवर घेतलं पाहिजे, एवढंच म्हणाला. ओझं झालं तर उत्तमच, त्यासाठीच ते आहे. थोरलीनं शक्य तितक्या शांतपणे सांगितलं, की पिशवी तोलून झालीय, जागा नाही, आणि बायबल त्यानं घेतलंय.

बापानं हात पुढं केला. डाव्यानं खिशातलं पुस्तक त्याला दिलं. म्हाताऱ्यानं ते दोन बोटांत धरून हलवलं, पानं फडफडवली आणि जमिनीवर टाकलं.

"वचन इतकं हलकं नसतं," तो म्हणाला.

"हे पण तेच आहे, बाबा," डाव्या म्हणाला.

त्या घरात बापाला उलट उत्तर देणं म्हणजे आगीत तेल ओतणं. म्हातारा उठला. थोरलीच्या तोंडून सवयीनं, लहानपणापासून यायचा तोच शब्द आला. डाव्यानं हात खिशात घातले आणि लहानपणी द्यायचा तसा मेलेला कान बापापुढं केला. पण बापाचा डावा खांदा म्हातारपणानं आखडला होता. त्यानं पुस्तक उजव्या हातानं उचललं. थोरलीला ते दिसलं, पण उशिरा दिसलं. डाव्या नुसता एक हात वर करता तरी तो कान वाचता. हात खिशात होते, तिनंच घालायला लावलेले. पितळी कोपरा डाव्या कानावर बसला आणि भाऊ आवाज न करता गुडघ्यांवर आला.

मग थोरलीनं काय केलं ते तिला नंतर तुकड्यातुकड्यांत आठवलं. बापाच्या हातातून पुस्तक हिसकावलेलं आठवलं. पहिला घाव त्याच्या तोंडावर बसला आणि दात फरशीवर उडाले. दुसरा कॉलरच्या हाडावर बसला, आणि हाड मोडल्याचा आवाज तिच्या चांगला ओळखीचा होता. म्हातारा खुर्चीसकट आडवा झाला तरी ती थांबली नाही. दुकानात ती जनावराला कधी दुसरा घाव घालत नसे, आणि इथं बापाच्या अंगावर वाकून ती मारत होती, मारत होती. शेवटी कुणीतरी तिला पाठीमागून कव घालून उचललं. तो डाव्या होता. त्याच्या कानातून मानेवर रक्त उतरलं होतं.

"सोड मला," ती ओरडली. त्यानं सोडलं नाही. ती पुन्हा ओरडली, अगदी त्याच्या डाव्या कानाशी. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, ओठ हलताना दिसतायत पण शब्द कुठं जातायत ते कळत नाहीये, असा. तेव्हा थोरली खाली बसली. याला आता जन्मभर कुणाचंच काही ऐकू येणार नव्हतं, आणि त्याचे हात तिनं बांधून दिले होते.

शेजारणीनं पोलिसांना बोलावलं होतं. हवालदार आला तो आत पाय टाकताच डाव्याकडेच वळला. दुसऱ्या कुणाकडे वळणार? थोरली म्हणाली, मी मारलं. हवालदारानं तिच्याकडे बघितलंही नाही. भावासाठी बहिणी काय काय म्हणतात ते त्यानं पुष्कळ ऐकलं होतं. तो म्हाताऱ्यापाशी वाकला आणि कुणी मारलं म्हणून विचारलं.

बापानं डोळे उघडले. एक शब्द, आणि मुलगा उरलेली सगळी वर्षं आत. म्हाताऱ्यानं आधी मुलाकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि मोडक्या हाडामुळे हात उचलता येईना म्हणून हनुवटीनं दाखवलं.

"हिनं," तो म्हणाला. तोंडातून रक्ताचा बुडबुडा आला. "माझ्यासारखंच मारते."

डाव्याला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. त्यानं बापाचे ओठ हलताना पाहिले होते, आणि बाप पोलिसांपुढं बोलला की पुढं काय होतं हे त्याला अनुभवानं माहीत होतं. तो मुकाट्यानं हवालदारासमोर आला आणि दोन्ही मनगटं जोडून पुढं केली. हवालदारानं ती बाजूला सारली आणि बेड्या थोरलीच्या हातांत घातल्या.

डाव्यानं त्या बेड्यांकडे पाहिलं. त्याची उजवी मूठ वळली, खांदा वर चढला. हवालदाराची त्याच्याकडे पाठ होती. थोरली ओरडली, दोनदा ओरडली, आणि तिला समजलं की आता ओरडून उपयोग नाही. आपला एक शब्द होता, तोही संपला. ती नुसती बघत उभी राहिली. इतकी भीती तिला उभ्या जन्मात कधी वाटली नव्हती.

मूठ बराच वेळ तशीच हवेत होती. मग बोटं सुटली, एकेक करून. डाव्यानं तोच हात थोरलीच्या डोक्यावर ठेवला, पिशवी पाठीला लावली आणि बस गाठायला जिना उतरून गेला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.