माईक दोन हात मागे

शांतादेवींची उभी हयात इचलकरंजीत मागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरण्यात गेली. त्या खडखडाटात शेजारणीला हाक मारायची की गाणं म्हणायचं, सगळं बेंबीच्या देठापासूनच करावं लागे. पुढे काम सुटलं, आवाज मात्र तसाच राहिला. दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत कोणी ना कोणी त्यांना "जरा हळू" म्हणायचंच.

त्यांची लेक विद्याश्री कोल्हापुरात नांदत होती. बाळंतपणानंतर ती नवऱ्याच्या नोकरीपायी बेंगळुरूला जाणार होती. आईच्या आवाजातले पाळणे रेकॉर्ड करून सोबत न्यावेत म्हणून तिने राजारामपुरीतल्या अनुजाच्या छोट्या स्टुडिओत आईला आणलं.

अनुजाने माईक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवला. शांतादेवींनी पहिली ओळ उचलली मात्र, अनुजाने दचकून हेडफोन काढले. आवाज पार फाटला होता.

"अव्वा, हळू की गं," विद्याश्री म्हणाली.

शांतादेवी ओशाळल्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी आवाज इतका चोरला की पाळण्याचं रडगाणं झालं. "ऱ्हाऊ दे बाई," म्हणत त्या उठल्या. "माझं नरडं मागाचं. तुझ्या मशीनला न्हाय सोसायचं."

"बसा काकू. गळा झकास हाय तुमचा. माईक मी चुकीच्या जागी ठेवला."

अनुजाने स्टँड दोन हात मागे नेला. श्वासाचा झोत थेट माईकवर आदळू नये म्हणून तो कपाळाच्या उंचीवर घेऊन खाली झुकवला. लांबून खोलीचा घुमारा येईल, म्हणून शांतादेवींच्या पाठीमागे दोन जाड गोधड्या टांगल्या. "आता शेडमध्ये गात होता तसं गावा. दबू नका अजिबात."

शांतादेवी डोळे मिटून मोकळ्या गळ्याने गायल्या.

मग अनुजाने हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले. क्षणभर त्यांना कळेना, ही गाणारी बाई कोण! भरीव गळा, खाली उतरताना मऊ होणारा. शेजारी विद्याश्री पोटावर हात ठेवून रडत होती.

त्यांनी अनुजाचे हात धरले. "आजवर जो तो मलाच गप करायचा. तू मशीन सरकवलीस, पोरी. लई उपकार झालं. बारशाला यायचं हं, न्हायतर इचलकरंजीतनं हाक मारीन!"

"यीन की काकू, नक्की यीन."

आणखी पाळणे झाले. शेवटचा कानडी, त्यांच्या आईकडून आलेला. त्यातला एक शब्द काही केल्या आठवेना. अनुजा घाई न करता थांबली, आणि मायलेकींनी त्या जागी बाळासाठी नवाच शब्द घातला.