गेरूच्या रेघेखाली

मित्रांनो, मी एक जुना बल्ब आहे. काचेचा, पिवळ्या उजेडाचा, तुमच्या अंगठ्याहून थोडा मोठा. सहा वर्षे मी पुंडलिकरावांच्या जीपमध्ये उजव्या बाजूच्या हेडलाइटमध्ये राहिलो. यवतमाळ ते दारव्हा हा रस्ता मला पाठ आहे, पण फक्त दिवेलागणीनंतरचा. दिवसा तो कसा दिसतो, ते मला माहीत नाही.

माझ्या काचेच्या आत दोन तारा आहेत. एक लांबवर उजेड टाकते, तिला अप्पर म्हणतात. दुसरी जवळचा रस्ता दाखवते, ती डिपर. या दुसऱ्या तारेखाली नखाएवढी पत्र्याची एक वाटी बसवलेली आहे. ती वाटी उजेड देत नाही, उजेड अडवते. ती नसती, तर माझा अर्धा उजेड वर उडाला असता आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत गेला असता. कारखान्यात मला बनवणाऱ्यांनी तारांइतकीच त्या वाटीचीही काळजी घेतली होती. मला तेव्हा याचे नवल वाटले होते. उजेडासाठी जन्माला घालायचे आणि पोटातच उजेड अडवणारी वस्तू ठेवायची, हे काय, असे वाटले होते.

मला जीपमध्ये बसवले ते जमीरभाईंनी. यवतमाळला लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचे गॅरेज आहे. त्यांनी मला खोक्यातून काढताना स्वच्छ कागदात धरले. काचेला उघडे बोट लावले नाही. बोटाचा तेलकटपणा काचेवर राहिला, की बल्ब तापल्यावर तेवढ्याच जागी काच तडकते. मला मागच्या खाचेत बसवून त्यांनी तार जोडली आणि मग ते चक्क हात पुसून बसून राहिले.

गॅरेजसमोर एका बंद पडलेल्या कारखान्याची पांढरी भिंत आहे. तिच्यावर जमीरभाईंनी गेरूने एक आडवी रेघ ओढली आहे. जीप पंचवीस फुटांवर उभी करायची, डिपर लावायचा, आणि उजेडाची वरची कड त्या रेघेच्या चार बोटे खाली येईपर्यंत मागचे स्क्रू फिरवायचे. हे काम उन्हात होत नाही. त्यासाठी सूर्य मावळावा लागतो.

“काका, अजून घंटाभर लागन,” जमीरभाई म्हणाले.

“लागू दे,” पुंडलिकराव स्टुलावर बसत म्हणाले. “मी काय सूर्याले धक्का मारू? चहा सांग.”

त्या संध्याकाळी माझा उजेड रेघेच्या चार बोटे खाली आला आणि मी कामाला लागलो.

मित्रांनो, माझ्या मालकाची रस्त्यावरची रीत तुम्हांला सांगितली पाहिजे. बैलगाडी समोर दिसली, की ते डिपर करून जीप कडेला थांबवत. बैल बिचकू नयेत म्हणून. समोरच्याचा उजेड डोळ्यांवर आला, तर ते दोनदा लाइट मारत. म्हणजे उजेड खाली घ्या. आणि आपला माणूस दिसला, की तीनदा मारत. ही तीनदाची खूण त्यांच्या घरातच सुरू झाली होती. त्यांची मुलगी प्रेरणा यवतमाळला कॉलेजात होती, तेव्हा एसटी तिला फाट्यावर सोडायची. फाट्यापासून गाव तीन किलोमीटर आत. ती बाभळीखाली पुस्तक उघडून उभी असे. दुरून तीन वेळा लाइट चमकला, की ती पुस्तक मिटून पिशवी उचलायची. हे माझ्या आधीच्या बल्बच्या काळातले. माझ्या काळात ती पुण्याला एका ग्रंथालयात नोकरी करत होती आणि सुट्टीला यायची. तरीही फाट्यावर तिला घ्यायला जायचे काम माझेच होते. मी तीनदा चमकायचो. ती हात वर करायची. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस तेच.

मग माझी निंदा सुरू झाली. पुंडलिकरावांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत होता. डॉक्टरांनी तुळशीच्या लग्नानंतरची तारीख दिली आणि तोवर दिवस मावळल्यावर गाडी चालवू नका, असे बजावले. ते ऐकणारे नव्हते. काचेवर फडके मारत ते म्हणायचे, “या बल्बात दम नाही राह्यला. खड्डा दिसत नाही मले.” मी पहिल्याइतकाच उजेड देत होतो. पण हे मी कोणाला सांगणार?

दिवाळीला प्रेरणा आली, ती एक लहान खोके घेऊन. पुण्यात चौकशी करून तिने पांढऱ्या उजेडाचे दोन एलईडी बल्ब घेतले होते. ऑपरेशन होईपर्यंत बाबांना रस्ता नीट दिसावा, एवढाच तिचा हेतू होता. मी तिला दोष देत नाही. जे घडले ते मात्र मी सगळे सांगणार आहे.

दुपारी तीन वाजता जीप लोहाऱ्याला आली. जमीरभाईंनी नवा बल्ब हातात फिरवून पाहिला.

“ताई, माल चांगला आहे. पण तुमच्या जीपची काच जुन्या बल्बसाठी घडवलेली आहे. याच्यात उजेड कुठून कुठं फाकन, ते रेघेवर पाह्यल्याशिवाय सांगता येत नाही. सहापर्यंत थांबा.”

“तीन तास?” प्रेरणा म्हणाली. “आई घरी एकटी चकल्या तळतेय. जमीरभाई, दहा मिनिटांचं काम आहे हे.”

“काम दहा मिनिटांचं आहे. पाहाचं काम संध्याकाळचं आहे.”

“थांबू न बाई,” पुंडलिकराव म्हणाले. “तो म्हणून राह्यला तं.”

“बाबा, तुम्ही मागच्या वेळीही इथं अर्धा दिवस घालवला होता. उद्या येऊन दाखवू. उद्या नक्की.”

पुंडलिकरावांनी जमीरभाईंकडे पाहिले आणि हसले. “पुण्याची बाई आहे. तिची वेळ महाग असते.”

जमीरभाईंनी मला आणि माझ्या डाव्या भावाला बाहेर काढले. मी कचऱ्याच्या डब्याकडे निघालोच होतो. पुंडलिकराव म्हणाले, “फेकू नको. ठेव पुढच्या कप्प्यात. इमानदार बल्ब आहे.” आम्हांला कागदात सैलसर गुंडाळून डॅशबोर्डवरच्या कप्प्यात ठेवले. त्या कप्प्याचे झाकण नीट लागत नसे. फटीतून मला समोरची काच आणि तिच्यापलीकडचा रस्ता दिसायचा. मला दिसले नसते तर बरे झाले असते.

त्या संध्याकाळी अंगणात नवे दिवे लावले, तेव्हा समोरचे तुळशीवृंदावन दुधासारखे पांढरे झाले. प्रेरणाची आई विजयमालाबाई डोळ्यांवर पदर धरून म्हणाल्या, “बाप्पा, हा तं सूर्यच आणला पोरीनं.” पुंडलिकरावांना वृंदावनावरची भेगसुद्धा दिसली. ते खूप वेळ त्या भेगेकडे पाहत राहिले. प्रेरणाचा चेहरा तेव्हा फार आनंदी होता.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. तिसऱ्या दिवशी जमीरभाईंकडे जायचे पुन्हा राहिले, कारण प्रेरणाला आईची औषधे आणायला दारव्ह्याला जायचे होते. चार वाजता ती एकटीच जीप घेऊन गेली. औषधाच्या दुकानात गर्दी होती. परत निघाली तेव्हा अंधार पडायला लागला होता.

मित्रांनो, वाटेत समोरून येणाऱ्या पहिल्याच मोटारसायकलने दोनदा लाइट मारला. प्रेरणाने पाहिले, डिपरच होता. दुसऱ्यानेही मारला. कापसाची ट्रॉली घेऊन येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने तर शेजारी आल्यावर मान बाहेर काढली. “ओ मॅडम, उजेड खाली घ्या न. आंधळं करता का माणसाले?”

“खालीच आहे,” ती ओरडून म्हणाली. मग काच वर करत स्वतःशीच म्हणाली, “आता काय जमिनीत पुरू?”

ती खरे बोलत होती. तिने उजेड खाली घेतलेला होता. तो खाली जात नव्हता. माझ्या वाटीचा आणि जीपच्या काचेचा जो मेळ बसलेला होता, तो नव्या बल्बचा बसला नव्हता, आणि हे ज्या भिंतीवर कळले असते, तिथे ती थांबली नव्हती. मी फटीतून पाहत होतो. झाडांचे शेंडे पांढरे होत होते. डिपरच्या उजेडात शेंडे दिसत नसतात.

फाट्यावरून गावाकडे वळल्यावर नाला लागतो. त्याच्या पुलाचा कठडा पावसाळ्यात वाहून गेला होता. पुलाच्या पलीकडून एका स्कूटीचा लहानसा दिवा येत होता. पुलाच्या तोंडाशी येताच त्याने तीनदा लाइट मारला. मग पुन्हा तीनदा.

“झालं, आणखी एक,” प्रेरणा म्हणाली.

रस्त्यावर पुष्कळ लोक एक गोष्ट करतात. समोरच्याने डिपर मागितला आणि आपला डिपर आधीच लावलेला असला, तर त्याला ते पटवण्यासाठी क्षणभर अप्पर मारतात. म्हणजे बघ, खरा मोठा उजेड असा असतो. प्रेरणाने तेच केले. पूल पांढरा झाला. स्कूटीवाल्याने एक हात डोळ्यांपुढे धरलेला मला दिसला. मग तो दिवा पुलावर नव्हता.

“कळलं आता?” प्रेरणा म्हणाली आणि जीप पुढे गेली.

तिला वाटले, तो कडेच्या शेतवाटेने वळला. मला तसे वाटले नाही. पण मी कागदात गुंडाळलेला होतो.

अंगणात विजयमालाबाई उभ्या होत्या. त्यांनी जीपमध्ये डोकावून पाहिले.

“बाबा कुठी हायेत?”

“मला काय माहीत? घरी नाहीत?”

“तुले पाहाले गेलते फाट्यावर. म्हटलं, कायले जाता, डोये धड नाहीत. तं म्हणे, पोरगी एकटी येऊन राह्यली. स्कूटी घेऊन गेले. भेटले नाही का तुले?”

प्रेरणाने इंजिन बंद केले नव्हते. तिने तशीच जीप वळवली. शेजारचे भीमराज आणि आणखी दोघे मागे चढले. पुलाजवळ तिने जीप आडवी उभी करून उजेड नाल्याकडे टाकला. एक चप्पल लगेच दिसली.

“लाइट मस्त हायेत, बाई,” भीमराज म्हणाले. त्यांना काही माहीत नव्हते. “दिवसासारखं दिसते. नाहीतं रातभर शोधत बसलो असतो.”

नाल्यात पाणी घोट्याएवढेही नव्हते. खाली दगड होते.

सुतकाचे तेरा दिवस जीप अंगणातच होती. लोक येत, तिला टेकून उभे राहत आणि बोलत. समोरच्या गाडीने डोळे दिपवले असणार, असे भीमराजांनी सगळ्यांना सांगितले होते. विजयमालाबाईंनी त्या अनोळखी गाडीवाल्याला रोज शिव्याशाप दिले. “त्याच्या घरी दिवा लागू नये. थांबलाही नाही मेला.” प्रेरणा त्यांच्याजवळ बसून असायची, त्यांना पाणी द्यायची, आणि ते सगळे ऐकायची.

चौदाव्या दिवशी दुपारी ती आईला जीपमध्ये बसवून लोहाऱ्याकडे निघाली. पुलावर तिने जीप थांबवली आणि समोरची ती गाडी आपलीच होती, हे सांगितले. पाच-सहा वाक्येच होती ती. विजयमालाबाईंनी कठडा नसलेल्या कडेकडे पाहिले.

“तीनदा मारला असन न त्यायनं?”

“हो.”

“मंग?”

 प्रेरणाने कप्पा उघडून मला कागदातून काढले आणि मुठीत घट्ट धरले. उघड्या हातात. सहा वर्षांत माझ्या काचेला कोणी असे शिवले नव्हते. विजयमालाबाई लोहारा येईपर्यंत बाहेर तोंड करून बसल्या. त्या उतरल्याही नसत्या, पण जमीरभाईंनी दार उघडून स्टूल पुढे ठेवले. ते पुंडलिकराव बसायचे तेच स्टूल होते.

“जुने परत बसवा,” प्रेरणा म्हणाली.

जमीरभाईंनी माझ्या काचेवरचे बोटांचे ठसे पाहिले.  स्पिरिटमध्ये कापूस भिजवून त्यांनी मला हळूहळू पुसले, उजेडाकडे धरून पाहिले, पुन्हा पुसले. मग मला माझ्या जागी बसवले. तेव्हा चार वाजले होते.

या वेळी घाई कोणालाच नव्हती. चहा आला आणि गार झाला. दोघी सव्वासहापर्यंत भिंतीकडे पाहत बसल्या. मग जमीरभाईंनी डिपर लावला, दोन स्क्रू थोडे फिरवले आणि भिंतीपाशी जाऊन रेघेखाली आपली चार बोटे टेकवली.

“बरोबर आलं,” ते म्हणाले.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच आहे. मी जुना म्हणून मला जपा, असे मी तुम्हांला सांगणार नाही. नवा दिवा बसवायचा तर खुशाल बसवा. तो माझ्यापेक्षा हुशार आहे, जास्त जगेल, कमी तापेल. पण तो तुम्हांला किती दाखवतो, एवढेच पाहून घरी नेऊ नका. जीपमधून उतरा, समोर जाऊन उभे राहा, आणि त्याच्याकडे पाहा. त्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबावे लागले, तर थांबा. आणि समोरून कोणी लाइट मारला, तर तो भांडतो आहे असे लगेच धरून चालू नका. आधी जीप हळू करा.

परतताना प्रेरणाने जीप फार सावकाश चालवली. विजयमालाबाई शेजारी डोळे मिटून होत्या. फाट्यावर वळलो आणि पुलाच्या पलीकडून एक स्कूटी आली. प्रेरणा पुलाच्या अलीकडेच थांबली. मी मला दिलेल्या जागेपुरता पिवळा उजेड रस्त्यावर टाकून उभा राहिलो. स्कूटीवर कोणी म्हातारा माणूस होता, मागे वैरणीचा भारा बांधलेला. त्याने एकदाही लाइट मारला नाही. तो सरळ पूल ओलांडून आला, आमच्या शेजारून गेला आणि आपल्या घराकडे निघून गेला.