चुलीत जायचे केस

अठ्ठ्याहत्तर वर्षांत लुव्हेनिया पेटवेने डोक्यावरून गळलेला एक केसही परक्याच्या हाती लागू दिला नव्हता. विंचरून झालं की गुंता बोटाभोवती गुंडाळून चुलीत टाकायचा, ही आईची शिकवण. अलाबामातल्या त्यांच्या गावात सगळ्याच बायका तसं करत. आणि आज चर्चच्या तळघरात विद्यापीठातली संशोधक कॅमिल कात्री घेऊन उभी होती.

"मिस लुव्हेनिया, मागून थोडेसेच. गेल्या तीन महिन्यांत शरीरानं किती ताण सोसला, ते केसांतून कळतं."

"आणि उरलेल्यांचं काय करणार गं? उशी भरणार?"

शेजारची वर्डेल खिदळली. "दे की बाई! तुझ्या केसांना कोण विचारतंय!"

लुव्हेनिया हसली नाही. पोरगी आपल्यातलीच, काळी, बोलायला गोड. पण जिल्ह्याच्या इस्पितळातली नर्सही गोडच बोलली होती. काय लिहिलंय ते न कळताच आईने कागदावर अंगठा उठवला, तिला न सांगता तिची नसबंदी झाली, आणि लुव्हेनियाच्या पाठीवर पुन्हा भावंड आलं नाही.

तरी ती उठली नाही. दवाखान्यातला डॉक्टर दर खेपेला रक्तदाब बघून म्हणे, गोळ्या चुकवता, खारवलेलं मांस खाता. दोन्ही खोटं. गोळ्या मात्र वाढत गेल्या, अन् चक्करही. केसांनी तरी तिची बाजू घेतली तर?

"आधी तू कागदावर लिहून सही कर. उरलेले माझे मला परत."

कॅमिलने लिहून सही केली. इतक्या पटकन केली, याचाही लुव्हेनियाला संशय आला.

महिन्याभराने कॅमिल पाकीट घेऊन दारात आली. लुव्हेनियाने ते उघडून हुंगलं. ती केसांना लावायची त्याच पोमेडचा वास. मग कुठे तिने खुर्ची पुढे केली.

"ताणाचा आकडा फार मोठा आलाय. केस कापले त्याआधीच्या तीन महिन्यांत काय झालं होतं?"

"काही नाही. चांगले गेले."

"भांडण? कुणाचं आजारपण?"

"नाही गं. शनिवारी दुकानात जाते, तेवढंच. तिथला पहारेकरी असतो मागं मागं. मी आपली पर्स बंद ठेवते, हात दिसतील असे ठेवते. ते काय, नेहमीचंच."

सांगतानाही तिने दोन्ही हात टेबलावर उघडे ठेवले होते. कॅमिल त्या हातांकडे बघत राहिली. मग लुव्हेनियानेही बघितलं.

तिने केस चुलीत टाकले, पूर्ण जळेपर्यंत उभी राहिली.

"तो आकडा कागदावर लिही," ती म्हणाली. "डॉक्टरपुढं ठेवते. आणि खाली तुझं पूर्ण नाव घाल."